ड्युटी लिस्ट लागली की आधी झोप लिहा

सकाळचे पावणेसहा. सलग तिसरी नाइट. मेडिसिन वॉर्डातल्या सगळ्यांच्या साखरा तपासून झाल्या होत्या आणि मी सकाळचं इन्सुलिन भरत होते. ऑर्डर २० युनिटची. सिरिंज २० च्या खुणेपर्यंत भरली, टिचकी मारून बुडबुडा वर आणला, कापूस घेतला. शेजारी उभी असलेली नवीन सिस्टर हळूच म्हणाली, "ताई, टोपी लाल आहे."

लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी असते. माझ्या हातातली बाटली १०० युनिटची होती, तिला केशरी टोपीची सिरिंज लागते. म्हणजे मी २० समजून अर्धा मिली भरलं होतं, ५० युनिट. पेशंट सत्तरीतले आजोबा, रात्री दोन घास खाऊन ताट सरकवलेलं. ते इन्सुलिन गेलं असतं तर आठच्या ओव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, मी काय सांगितलं असतं, याचा विचार आजही करवत नाही.

लाल आणि केशरी टोपीचा हा फरक मी स्वतः विद्यार्थिनींना शिकवते. नोकरीला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. डोळ्यांना लाल रंग दिसत होता, डोक्यापर्यंत पोचत नव्हता. घरी येऊन बोटांवर हिशेब केला, तर तीन दिवसांत मिळून साडेनऊ तास झोप झालेली.

त्या महिन्यापासून मी एक सवय लावून घेतली. ड्युटी लिस्ट लागली की आधी कॅलेंडरवर झोपेच्या वेळा लिहायच्या, मग बाकीचं जग. खाली जे लिहितेय ते त्या सवयीतून, बऱ्याच चुकांतून आणि थोड्या वाचनातून आलेलं आहे. सिस्टर, ब्रदर, निवासी डॉक्टर, लॅब आणि एक्स-रेवाले, मावशी-मामा, सगळ्यांसाठी. उपकेंद्रावर एकटीने रात्री-बेरात्री बाळंतपणं करणाऱ्या आरोग्यसेविकेलाही यातलं बरंच लागू पडेल, फक्त तिला लिस्टच नसते हा भाग वेगळा.

आधी एक हिशेब

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरण आणि दारू यांची थेट तुलना केली. सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीत साधारण तेवढाच ढेपाळला, जेवढा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला माणूस ढेपाळतो. २४ तास जागरणानंतर आकडा ०.१० टक्क्याच्या आसपास गेला. आता आपला मोटार वाहन कायदा बघा. कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के ही मर्यादा.

सकाळी सातला उठून, दिवसभर घरचं आवरून, दुपारी आडवं न होता पहिल्या नाइटला आलात तर रात्री बारालाच तुमचे १७ तास भरतात. ओव्हर द्यायच्या वेळी २४ उलटून गेलेले असतात. कुणी सिस्टर दारू पिऊन ड्युटीवर आली तर मेट्रन मेमो काढतील. न झोपता आलेल्या सिस्टरला "बिच्चारी, किती करते" म्हणतात.

लिस्ट हातात आल्यावर

लिस्ट बघताना आपण सुट्टी कुठे आहे ते शोधतो. मी आता दोन ड्युट्यांमधली फट शोधते. संध्याकाळची ड्युटी आणि दुसऱ्या दिवशी लगेच सकाळची, ही जोडी सगळ्यात वाईट. माझ्यासारखी बदलापूरहून मुंबईला येणारी असेल तर रात्री आठला ओव्हर देऊन घरी पोचायला दहा, जेवून-आवरून आडवं व्हायला साडेअकरा, आणि पहाटे साडेचारला परत गजर. युरोपात कामगारांना दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती द्यावी असा नियम आहे. आपल्याकडे असा नियम कुणी दाखवणार नाही, पण अदलाबदल करताना हा आकडा तुम्ही स्वतःपुरता पाळू शकता. एखादी मैत्रीण लग्नाला जायचंय म्हणून ड्युटी बदलून मागते, आपण "घे गं" म्हणून मोकळ्या होतो आणि नेमकी हीच जोडी गळ्यात पडते. "हो" म्हणण्याआधी मधले तास मोजा.

दुसरी गोष्ट ड्युट्यांच्या क्रमाची. सकाळ, मग संध्याकाळ, मग नाइट हा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा सोपा जातो. आपल्या आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला जमतं, मागे ओढणं जड जातं. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं. लिस्ट बनवणाऱ्या इनचार्ज सिस्टरना नोबेलचं सांगायला जाऊ नका. "नाइटच्या आधी संध्याकाळ द्या" एवढंच म्हणा, त्यात त्यांचाही काही तोटा नसतो.

मग पेन घ्या आणि प्रत्येक ड्युटीसमोर झोपेची वेळ लिहा, सुरू आणि शेवट दोन्ही. "दुपारी झोपेन" असं मनात ठरवलेलं गॅसवाला आला की उडून जातं. "२ ते ३:३०" असं लिहिलेलं टिकतं. घरातल्यांना दिसेल अशा जागी लावा. आमच्याकडे ते फ्रिजवर असतं, शाळेच्या वेळापत्रकाशेजारी.

पहिली नाइट

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या नाइटला होतो. आदल्या रात्री थोडं उशिरा झोपा, सकाळी जमेल तितकं उशिरा उठा. मुलांचे डबे असतील तर उठावंच लागतं, मान्य. मग दुपारची झोप सोडायची नाही. दीड तास धरा, कारण झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि ते पुरं झाल्यावर उठणं सोपं जातं. डोळा लागला नाही तरी अंधारात पडून राहा, मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून. पहिल्या दोन-तीन वेळा नुसतं छताकडे बघत पडाल. चौथ्या वेळी शरीराला कळतं की ही बाई आता उठत नाही.

रात्र

चहापासून सुरुवात करते, कारण भांडणही तिथेच होतं. कॅफिनचा निम्मा भाग शरीराबाहेर पडायला साधारण पाच-सहा तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळपास दुप्पट वेळ, गरोदरपणात त्याहूनही जास्त. म्हणजे पहाटे पाचचा तो गोड, उकळून काळा झालेला चहा सकाळी दहाला तुम्ही पडद्याआड डोळे मिटता तेव्हा निम्मा रक्तात फिरत असतो. सकाळी दहाला झोपणार असाल तर शेवटचा चहा अडीच-तीनला. त्याआधी दोन-तीन कटिंग विभागून घ्या, एकदम मोठा मग नको. पाचच्या चहाच्या वेळी मी कपात गरम पाणी घेते. कपबशी हातात असली की गप्पांत भाग घेता येतो, कुणी "का गं, रागावलीस?" असं विचारत नाही.

खाण्याचं थोडक्यात. मुख्य जेवण ड्युटीला निघण्याआधी किंवा पोचल्या पोचल्या, साडेआठपर्यंत. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, त्यामुळे दोन वाजता कॅन्टीनचा वडापाव किंवा कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक पोटात दगडासारखा बसतो आणि तीनला पापण्या ओढतो. मध्यरात्रीनंतर भूक लागली तर दही-भाताचा छोटा डबा, केळं, राजगिऱ्याचा लाडू, मूठभर शेंगदाणे. पाण्याची बाटली नर्सिंग काउंटरवर डोळ्यांसमोर ठेवा. पाणी कमी प्यायचं म्हणजे बाथरूमला जावं लागत नाही, ही आपल्या पेशातली जुनी आणि फार महागात पडणारी हुशारी आहे. लघवीला जळजळ घेऊन वॉर्डात फिरणाऱ्या किती सिस्टर मी पाहिल्यात.

आता डुलकी. ही चोरी आहे असं आपल्या मनात इतकं बसलंय की झोपणारी अपराधी चेहऱ्याने झोपते आणि अर्धवटच उठते. अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर अभ्यास केला होता. कॉकपिटमध्ये पाळीपाळीने सरासरी २६ मिनिटं झोप घेतलेले वैमानिक न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त सावध निघाले. विमान उडत असताना जे चालतं, ते तीस खाटांच्या वॉर्डात दोघी-तिघी असताना पाळीने करायला हरकत नसावी. तुमच्या ठिकाणचे नियम काय आहेत ते आधी माहीत करून घ्या आणि जे कराल ते सोबतच्या माणसाला सांगून, उघडपणे करा.

डुलकीची पद्धत अशी. बारा ते तीनच्या दरम्यान, वॉर्ड निवांत असताना. वीस ते तीस मिनिटं, किंवा माणसं पुरेशी असतील तर पूर्ण दीड तास. मधली पाऊण-एक तासाची झोप टाळा, कारण गाढ झोपेतून ओढून उठवलं की डोकं जड राहतं. झोपण्याआधी आपल्या गंभीर पेशंटचा छोटा ओव्हर द्या, अगदी दोन वाक्यांत: "सात नंबरला बीपी कमी आहे, अकरा नंबरची आयव्ही संपत आलीय." चहा प्यायचाच असेल तर आडवं होण्याच्या अगदी आधी प्या, त्याचा असर सुरू व्हायला वीस-एक मिनिटं लागतात, तोवर गजर होतो. आणि उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं औषधाला हात लावायचा नाही. तोंड धुवा, दिव्याखाली उभ्या राहा, खाटांवरून एक फेरी मारा, चादरी बघा. झोपेतून उठल्यावरची ही गुंगी पंधरा मिनिटांपासून तासभरही टिकू शकते. एकटीच्या ड्युटीत "उठल्या उठल्या क्रॅश कॉल", म्हणजे पेशंट अचानक कोसळल्याचा निरोप, येऊ शकतो, तिथे इलाज नाही, म्हणून तिथे डुलकी छोटीच ठेवायची.

आडवं व्हायची जागाही सांगायला हवी. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात लांबलेल्या ड्युटीत सेमिनार हॉलमध्ये विसावायला गेलेल्या निवासी डॉक्टर मुलीचं काय झालं, ते विसरणं शक्य नाही. आतून कडी लागणारी खोली नसेल तर एकटीने आडोशाला जाऊन झोपू नका. काउंटरमागे दोन खुर्च्या जोडून, सोबतिणीच्या नजरेसमोर झोपणं कमी सुखाचं, पण मला तेच बरं वाटतं. विश्रांतीच्या खोलीला कडी, दिवा आणि फोन हवा ही मागणी लेखी द्या, सह्या घेऊन. तोंडी मागणीला उत्तर येत नाही.

तीन ते सहा

शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि त्याबरोबर लक्षही. माझी लाल टोपी या वेळेच्या शेपटालाच आली. काम पुढे-मागे करता येतं ते करा. चार्ट पुरे करणं, सकाळच्या रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावणं हे दोनच्या आत उरका. लेबल मात्र पेशंटच्या नावाशी ताडून लावा आणि रक्त घेताना खाटेजवळ परत वाचा. चारनंतर इन्सुलिन, पोटॅशियम, हिपॅरिन आणि रक्त चढवणं यांसाठी आमच्याकडे आता एकच पद्धत आहे. भरणारी मोठ्याने वाचते, दुसरी बाटलीकडे बघून उत्तर देते. "औषध?" "रेग्युलर इन्सुलिन." "बाटली?" "शंभरची." "सिरिंज?" "केशरी." "किती?" "वीस." पहिल्या आठवड्यात सगळ्यांना नाटकात काम केल्यासारखं वाटलं. नंतर कुणी हसलं नाही.

सुई टोचण्याचा धोकाही याच वेळी असतो. टोपण परत लावू नका, शार्प बॉक्स हाताशी ठेवा. आणि टोचलीच तर "ड्युटी संपल्यावर बघू" नको. साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. हेपटायटिस बीचे तीन डोस झालेत का, हेही आजच बघून घ्या.

घरी जाताना

गाडी चालवू नका. हे वाक्य मी दहा जणींना सांगितलं असेल आणि नऊ जणींनी "इथेच तर आहे घर" असं उत्तर दिलंय. २००५ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांच्या अभ्यासात २४ तासांहून लांब ड्युटीनंतर घरी जाताना अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. स्कूटीवर सिग्नलला थांबल्यावर मान पडते, तेव्हा अंतर किती उरलंय याने फरक पडत नाही. रिक्षा करा, नवऱ्याला किंवा भावाला बोलवा, नाहीतर निघण्याआधी हॉस्पिटलमध्येच वीस मिनिटं झोपा आणि मग निघा.

लोकलवाल्यांचं सुख एवढंच की सकाळी कर्जतकडची डाऊन गाडी रिकामी असते आणि सगळी गर्दी उलट्या दिशेने घामाघूम होत येत असते. धोका एवढाच की डोळा लागतो. बदलापूरला उतरायचं ते मला एकदा नेरळला जाग आली, समोर माथेरानला निघालेलं कॉलेजचं टोळकं. तेव्हापासून अंबरनाथच्या वेळेचा कंपनाचा गजर लावून फोन मुठीत धरते आणि समोरच्या बाईला सांगून ठेवते, "ताई, बदलापूर आलं की उठवाल का? नाइट करून आलेय." आजवर एकीनेही नाही म्हटलेलं नाही. एकीने तर डोक्याखाली आपली पिशवी दिली होती.

गाडीतून उतरल्यावर काळा गॉगल. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला दिवस सुरू झाल्याचा निरोप जातो आणि झोप आणणारं मेलाटोनिन बंद होतं. आमच्या आळीत लोकांना मी काही दिवस हिरोइन वाटत होते. भाजी, दूध, बँक, जे काय असेल ते येताना उरकायचा मोह होतो. तो अर्धा तास उन्हात फिरलात की पुढचे दोन तास झोप येत नाही.

दिवसाची झोप आणि घरातली माणसं

अंधार, थंडावा, शांतता. तीन शब्दांत संपतं आणि करायला गेलं की वन-रूम-किचन आडवं येतं.

अंधारासाठी महाग पडदे लागत नाहीत. जुन्या जाड चादरीला काळं अस्तर शिवून घ्या, दोन्ही बाजूंनी पाच-सहा इंच जास्त, म्हणजे कडेने उजेड झिरपत नाही. काचांवर आतून पुठ्ठा लावला तरी चालतं. भाड्याच्या घरात मी तेच केलं होतं. तेही जमलं नाही तर डोळ्यांवर मऊ सुती ओढणी. आवाजासाठी टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा, त्याच्या एकसुरी घरघरीत भांड्यांचा आवाज बुडतो. कानात फोमचे बोळे चालतील, पण घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर दुसरं कुणी जागं असल्याशिवाय नको. झोपण्याआधी कोमट पाण्याने आंघोळ, हलकं काही पोटात, उपाशी नको. दारावरची बेल रात्रीच काढून ठेवा. फोन विमान मोडवर. शाळेतून किंवा आईकडून तातडीचा फोन येईल अशी भीती असेल तर तेवढे दोन नंबर वाजतील अशी सोय फोनमध्ये असते. वॉर्डाच्या ग्रुपला ती सवलत नाही.

माणसांचं अवघड. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी साडेदहाला मी पडले की अकराला सासूबाई दारात. "अगं, जेवून तरी झोप. दिवसा कसली झोप लागतेय?" वाईट हेतू नसायचा. सूर्य डोक्यावर असताना घरातली सून झोपलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मी चिडायचे, त्या दुखावायच्या, झोप दोघींची जायची. शेवटी एक दिवस मी म्हटलं, "आई, माझे सकाळचे दहा म्हणजे तुमचे रात्रीचे दहा. तुम्हाला रात्री एकला कुणी जेवायला उठवलं तर?" त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराला बाहेर कुकर लागणार होता. त्यांनी डाळ पातेल्यात शिजत घातली.

तेव्हा सांगा, आणि तुलना करून सांगा. "मला त्रास होतो" याने कुणाला काही कळत नाही, "रात्री एकला" हे कळतं. दारावर वेळ लिहिलेली चिठ्ठी लावा, "झोपलेय, २ वाजता उठेन." नुसतं "झोपलेय" लिहिलं तर मुलं दर अर्ध्या तासाने उठली का ते बघायला येतात.

सलग सात तास फार थोड्यांना मिळतात. तोडून घ्या. माझं वेळापत्रक दहा ते दोन आणि परत साडेतीन ते पाच असं असतं, मधे मुलीचं शाळेतून येणं. दोन्ही मिळून साडेपाच तास होतात, अर्धा तास डुलकी धरून सहा. मोठ्या माणसाला सात किंवा जास्त लागतात, त्यामुळे हे कमीच आहे, आणि सलग तीनपेक्षा जास्त नाइटला मी हल्ली तोंडावर नाही म्हणते. पहिला तुकडा रोज त्याच वेळी ठेवा. घड्याळाला धरायला एक खुंटी मिळते.

शेवटच्या नाइटनंतर मात्र उलटं. घरी येऊन फक्त दीड-दोन तास झोपा, बाराच्या आत उठा, मग उन्हात बाहेर पडा, चाला, आता भाजी आणा. रात्री नऊ-दहाला सरळ अंथरुणावर. त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत झोपलात तर रात्री दोनला टक्क जाग्या आणि सुट्टीचा अख्खा दिवस वाया.

निवासी डॉक्टरांसाठी वेगळं

३६ तासांच्या कॉलला, म्हणजे सलग ड्युटीला, वर लिहिलेलं निम्मं लागू पडत नाही, हे मला दिसतं. आमच्या वॉर्डात पहाटे केसपेपरवर लिहिता लिहिता पेनाची रेघ खाली घसरत जाते, ती मीच बघते. १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात सलग काम साधारणपणे १२ तासांहून जास्त नको आणि आठवड्याला ४८ तास असं म्हटलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि रोज सात-आठ तास झोप सुचवली. कागद आहेत. मार्डच्या, म्हणजे तुमच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, निवेदनांत ते जोडत राहा. बॉस म्हणतील "आमच्या वेळी आम्ही ७२ तास उभे असायचो." त्यांना बोस्टनच्या अतिदक्षता विभागातला २००४ चा अभ्यास दाखवता येतो. जुन्या पद्धतीच्या लांब ड्युट्या करणाऱ्या इंटर्नकडून, तास कमी केलेल्यांच्या तुलनेत, ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या होत्या.

तोवर रात्र वाटून घ्या. दोघे जण रात्रभर अर्धे जागे राहण्यापेक्षा एकाने बारा ते साडेतीन आणि दुसऱ्याने साडेतीन ते सात फोन धरायचा, दुसरा पूर्ण झोपणार. फोन खरोखर हातातून हातात द्यायचा. कॉल माझ्या नावाचा येणार हे माहीत असलं की झोपलेल्यालाही झोप लागत नाही. आणि सिस्टरना सांगून ठेवा आत्ता कोण जागं आहे. आम्ही उगाच झोपलेल्याला उठवत नाही, कुणाला उठवायचं तेच कळत नसतं.

पाय, हात, रक्त

पटकन सांगते. बारा तास उभं राहणाऱ्याने बूट अर्धा नंबर मोठे घ्यावेत, संध्याकाळी पाय सुजलेले असताना मापून. शिरा फुगत असतील तर डॉक्टरांना विचारून कॉम्प्रेशन मोजे. पेशंट वर सरकवताना चादरीला दोघांनी धरून सरकवा, काखेत हात घालून एकटीने नको. सॅनिटायझरने भेगा पडलेल्या हातांना घरी आल्यावर खोबरेल तेल. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही, आणि आपल्यातल्या निम्म्यांचा थकवा मुळात हिमोग्लोबिनचा असतो असा माझा अंदाज आहे. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलंय. घाबरून नोकरी सोडायची गरज नाही, स्तनांची तपासणी मात्र टाळू नका. दुसऱ्यांची मॅमोग्राफी लावून देणाऱ्या आपणच स्वतःची लावत नाही.

गोळी

कपाटाची किल्ली आपल्याकडे असते, हाच आपला धोका. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं, मेडिकलवाल्यालाही त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. "एकच अर्धी, आजच्यापुरती" असं म्हणून सुरू केलेली माझ्या ओळखीतली एक जण वर्षभर त्यातून बाहेर येत होती. दिवसा गोळी घेऊन झोपायचं आणि संध्याकाळी अर्धवट गुंगीत इंजेक्शनं भरायची, असा तो फेरा. मेलाटोनिनसुद्धा मैत्रिणीने सांगितलं म्हणून नको, वेळ चुकली तर घड्याळ उलटं फिरतं.

आठवड्यातून तीन रात्री झोप नाही आणि असं तीन महिने चाललंय, तर तो निद्रानाश आहे. त्याला सीबीटी-आय नावाची सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती पहिली दिली जाते, गोळी नंतर. घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, सात तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर झोपेची तपासणी करून घ्या.

थकव्यापलीकडचं

दोन दिवस सुट्टी घेतली, झोपलात, आणि तरी वॉर्डाची पायरी चढताना पोटात गोळा येतो. पेशंटचं नाव आठवत नाही, फक्त खाट नंबर आठवतो. नातेवाईक रडताहेत आणि आपल्याला काहीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी लक्षणं सांगितली ती हीच: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. याला झोप पुरत नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रात्री तीनला वॉर्डातूनही लावता येतो. जगणं नको असं मनात येत असेल तर उद्यावर टाकू नका, आत्ता लावा आणि शेजारच्या माणसालाही सांगा.

आणि एक छोटं. वॉर्डात मूल गेलं, किंवा महिनाभर जिच्याशी बोलत होतो ती पेशंट गेली, तर बॉडी पॅक करून लगेच पुढच्या खाटेकडे जायचं अशी आपली रीत आहे. आम्ही आता दहा मिनिटं थांबतो. हात धुवून बाहेर बाकावर बसायचं, मावशीही असते. कुणी बोललं तर बोललं. तेवढा वेळ शेजारच्या वॉर्डातली सिस्टर आमच्या खाटांवर नजर ठेवते, त्यांच्यावर वेळ आली की आम्ही ठेवतो.

इनचार्ज असाल तर

लिस्ट महिना आधी लावा. आयत्या वेळी लागलेल्या लिस्टवर कुणालाच झोप लिहिता येत नाही. नवीन मुलीला पहिल्याच आठवड्यात सलग नाइट टाकू नका. आणि डुलकीचा कागद उघड्यावर लावा. आमचा औषधांच्या कपाटाशेजारी असतो, साधा वहीचा कागद, तीन रकाने: कोण, कधीपासून, कधीपर्यंत. बारा ते साडेबारा एक जण, एक ते दीड दुसरी, दोन ते अडीच तिसरी. अॅडमिशन आली आणि वेळ हुकली तर तिथेच खोडून पुढची वेळ लिहायची, पाळी सोडून द्यायची नाही. सुपरवायझर राउंडला आल्या तरी तो कागद काढायचा नाही, असं आमच्यात ठरलंय. पहिल्यांदा त्यांनी वाचला तेव्हा चष्मा वर करून विचारलं, "अडीचनंतर कोण?" मी म्हटलं, "नंतर कुणी नाही मॅडम, तीनपासून सगळ्या जाग्या."